दातांच्या कामातली मेटल: कास्टिंग, मिलिंग की प्रिंटिंग, तुलना नेमकी करायची कशी

"कास्टिंग बरं का प्रिंटिंग बरं?" असं मोघम विचारलं तर त्याला उत्तर नाही, आणि जो लगेच उत्तर देतो तो बहुतेक वेळा त्यातलं एखादं मशीन विकत असतो. आधी प्रश्न नीट मांडावा लागतो. काम काय आहे, एकच कॅप आहे, पाच-सहा युनिटचा (म्हणजे पाच-सहा दातांचा) ब्रिज आहे, काढता-घालता येणाऱ्या पार्शलची (काही दातांच्या कवळीची) फ्रेम आहे की इम्प्लांटवरचा बार आहे, मिश्रधातू कुठला, वर पोर्सिलेन चढणार का, आणि मशीनमधून बाहेर आल्यावर त्या तुकड्याचं पुढे काय काय होणार आहे. एवढं ठरलं की मग पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. नाहीतर नुसती आवड-निवड होते, तुलना होत नाही.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः कोबाल्ट-क्रोम धरून लिहितोय, कारण तो एकच धातू असा आहे जो सगळ्या पद्धतींनी रोज बनतो. निकेल-क्रोम आणि टायटॅनियमबद्दल पुढे येईल.

पद्धती कुठल्या आणि प्रत्येकीचा जीव कशात आहे

कास्टिंग सगळ्यांना माहितीय. मेणाचा नमुना, त्याला स्प्रू (धातू आत जायची वाट), इन्व्हेस्टमेंटमध्ये (उष्णता सोसणाऱ्या साच्याच्या मिश्रणात) गाडायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं, आणि त्या पोकळीत वितळलेला धातू मारायचा. विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये ही पद्धत दंतवैद्यांसमोर मांडली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. कोबाल्ट-क्रोम साधारण १३०० ते १४५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात वितळतो, त्यामुळे जिप्समची इन्व्हेस्टमेंट इथे चालत नाही, फॉस्फेटवाली लागते. आता यातली खरी मेख अशी की धातू गार होताना दोन टक्क्यांच्या वर आक्रसतो, आणि तो आक्रस भरून काढायचं काम इन्व्हेस्टमेंटच्या फुगण्यावर सोडलेलं असतं. म्हणजे तुमची कॅप बसणार की नाही हे पावडर-लिक्विडच्या प्रमाणावर, स्पेशल लिक्विड किती पातळ केलं त्यावर, खोलीच्या तापमानावर आणि भट्टी किती वेळ कुठल्या तापमानाला ठेवली त्यावर ठरतं. कास्टिंग वाईट आहे असं म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांच्या लॅबमध्ये लिक्विड अंदाजाने ओतलं जातं, हे त्यांनी तपासून बघायला हरकत नाही.

मिलिंग म्हणजे तयार कडक डिस्कमधून पाच-ॲक्सिस मशीनने तुकडा कोरून काढायचा. डिस्क कारखान्यात मोठ्या प्रमाणावर नियंत्रण ठेवून बनवलेली असते, त्यामुळे आत भोकं, फुगे असले प्रकार जवळपास नसतातच. शिवाय इथे काहीच वितळत नाही, काहीच आक्रसत नाही, जे डिझाइन केलं ते कोरलं. पण कोबाल्ट-क्रोम हा कापायला अत्यंत हट्टी धातू, टूल झिजतं, मशीन जड आणि मजबूत लागतं, आणि डिस्कचा मोठा भाग भुगा होऊन कूलंटमध्ये जातो.

याचीच एक बहीण आहे, सॉफ्ट मिलिंग. डिस्क अर्धवट दाबलेल्या पावडरची, खडूसारखी भुसभुशीत, छोट्या टेबलवरच्या मशीनवरही कोरडीच कोरता येते. मग तो तुकडा आरगॉन वायूमध्ये १३०० अंशाच्या आसपास सिंटर करायचा (पूर्ण न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडायचे), त्यात तो साधारण दहा-अकरा टक्के आक्रसतो. आक्रस सॉफ्टवेअरने आधीच हिशोबात धरलेला असतो, म्हणजे तुकडा मोठा कोरला जातो. छोट्या कामाला मस्त. लांब ब्रिजला मात्र सिंटर होताना तो कसा टेकवलाय, आधाराचे दांडे कुठे ठेवलेत, यावर वाकणं अवलंबून राहतं.

आणि प्रिंटिंग, म्हणजे लेझरने पावडर वितळवणं. साधारण १० ते ४५ मायक्रॉनचे गोल कण, २० ते ५० मायक्रॉनचा एकेक थर, त्यावर फायबर लेझर फिरतो, जिथे फिरला तिथे धातू वितळून लगेच गोठतो, प्लेट खाली सरकते, पुन्हा पावडर. आत आरगॉन किंवा नायट्रोजन. एका प्लेटवर डझनावारी युनिट बसतात आणि रात्रभर मशीन एकटं चालतं, म्हणून मोठ्या सेंटरना ते परवडतं. उरलेली पावडर चाळून परत वापरता येते, त्यामुळे वाया जाणं कमी. पण लेझरचा डाग जिथे पडतो तिथे धातू क्षणात वितळून क्षणात गार होतो आणि हे लाखो वेळा होतं, म्हणून तुकड्यात ताण साठून राहतो. हा साठलेला ताण लक्षात ठेवा, प्रिंटिंगच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

तुलना सुरू करण्याआधी काय सारखं ठेवायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. हाताने मेण लावून केलेलं कास्टिंग एका बाजूला, आणि स्कॅन करून कॉम्प्युटरवर डिझाइन केलेलं प्रिंटिंग दुसऱ्या बाजूला, आणि मग "बघा प्रिंटिंगचं फिटिंग चांगलं". अहो पण यात तुम्ही कास्टिंग आणि प्रिंटिंगची तुलना केलीच नाही, तुम्ही हाताचं मेण आणि कॉम्प्युटरचं डिझाइन यांची तुलना केली. खरी तुलना करायची तर एकच डाय (घासलेल्या दाताची प्रतिकृती), एकच स्कॅन, एकच डिझाइन फाइल, तिच्यातच सिमेंटची जागा एकसारखी, आणि कास्टिंगसाठीसुद्धा मेण त्याच फाइलमधून मिल किंवा प्रिंट केलेलं पाहिजे. मग जो फरक राहील तो पद्धतीचा.

सिमेंटची जागा म्हणजे स्पेसर हा दुसरा सापळा. मार्जिनपासून (कॅपची दाताला भिडणारी कड) साधारण एक मिलिमीटर सोडून वर ३० ते ५० मायक्रॉन ठेवणं ही नेहमीची गोष्ट, पण एका लॅबने ३० ठेवले आणि दुसरीने ८० ठेवले तर ८० वाली कॅप सटकन बसेल आणि सगळे म्हणतील वा काय फिटिंग आहे. बसणं आणि फिट असणं यात फरक आहे. सैल कॅपसुद्धा छान बसते.

तिसरं, मिश्रधातू. "तिन्ही कोबाल्ट-क्रोमच आहेत" हे पुरेसं नाही. कास्टिंगच्या गोळ्यांमध्ये धातू नीट वाहावा म्हणून सिलिकॉनसारखी भर असते, पार्शलच्या फ्रेमवाल्या मिश्रधातूत कार्बनही असतो, प्रिंटिंगच्या पावडरीत मॉलिब्डेनम-टंगस्टनचं गणित वेगळं. अगदी एकसारखं मिळणार नाहीच, तरी निदान तिघांचे घटक लिहून शेजारी ठेवा. क्रोमियम किती आहे ते आधी बघा, गंज न लागण्याचा भार त्याच्यावर असतो आणि चांगल्या मिश्रधातूत ते साधारण २५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच असतं.

आणि चौथं, फिनिशिंग करणारा माणूस एकच ठेवा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आतल्या बाजूने बर (घासायचं फिरतं टूल) किती फिरवला यावर मार्जिनचे दहा-वीस मायक्रॉन सहज इकडे तिकडे होतात.

फिटिंग मोजायचं कसं

प्रोबने मार्जिन तपासून "ठीक आहे" म्हणणं ही तुलना नाही, प्रोबचं टोकच इतकं जाड असतं की बारीक फट त्याला कळतच नाही. घरच्या घरी म्हणजे लॅबच्या लॅबमध्ये होणारी आणि तरी विश्वासार्ह अशी पद्धत म्हणजे सिलिकॉन रेप्लिका. महागडं काही लागत नाही.

कोपिंग (पोर्सिलेनखालची धातूची टोपी) स्वच्छ करून त्यात लाइट बॉडी सिलिकॉन भरायचं, सिमेंट भरतो तसंच, आणि डायवर बसवून वरून ठरावीक वजन द्यायचं. पाच किलोच्या आसपासचं वजन ठेवलं की साधारण ५० न्यूटन होतात, बोटाने दाबू नका, बोट दर वेळी वेगळं दाबतं. सेट झालं की कोपिंग अलगद काढायचं, आत एक पातळसा पडदा चिकटलेला दिसेल, तोच म्हणजे तुमची फट. पडदा इतका नाजूक असतो की तसाच ओढला तर फाटतो, म्हणून कोपिंगमध्ये दुसऱ्या रंगाचं जरा जाड सिलिकॉन ओतून त्याला आधार द्यायचा आणि सेट झाल्यावर दोन्ही एकत्र बाहेर काढायचं. मग नव्या धारदार ब्लेडने एकदा गालाकडून जिभेकडे आणि एकदा पुढून मागे असे काप घ्यायचे. कापाच्या कडेला पातळ रंगीत रेघ दिसते, ती मायक्रोस्कोपखाली मोजायची: मार्जिनला, चॅम्फरच्या (मार्जिनजवळ घासलेल्या गोलसर कडेच्या) वळणावर, भिंतीच्या मध्यावर आणि चावायच्या पृष्ठभागाखाली. प्रत्येक जागेचं माप वेगळ्या रकान्यात लिहा. सगळ्याची सरासरी काढून एकच आकडा करू नका, ती सरासरी सगळं लपवते.

का ते बघा. मिल केलेल्या कोपिंगचं मार्जिन बहुतेक वेळा छान येतं, पण आत चावायच्या बाजूच्या कोपऱ्यात फट मोठी निघते, कारण टूलचा व्यास एक मिलिमीटर असेल तर त्याहून टोकदार आतला कोपरा ते कोरूच शकत नाही, मग सॉफ्टवेअर आपणहून तिथे जास्त धातू काढून टाकतं. म्हणजे दोष मशीनचा नाही, दात घासताना कोपरे टोकदार ठेवणाऱ्या डॉक्टरचा. कास्टिंगमध्ये मापं पसरट येतात, एक उत्तम, दुसरं बरं, तिसरं टाकाऊ. प्रिंटिंगमध्ये मापं त्यामानाने एकसारखी येतात, पण आतला पृष्ठभाग खरबरीत असतो, कुठेतरी अर्धवट वितळलेले कण चिकटलेले असतात आणि तेवढ्यावरच कोपिंग अडतं. म्हणून एकेक नमुना करून निर्णय घेऊ नका, प्रत्येक पद्धतीचे निदान दहा करा, आणि सरासरीइतकंच लक्ष सगळ्यात वाईट आकड्याकडे द्या. पेशंटच्या तोंडात सरासरी जात नाही, एक ठरावीक कॅप जाते.

किती फट चालते? मॅक्लीन आणि फॉन फ्रॉनहोफर यांनी १९७१ मध्ये १२० मायक्रॉनचा आकडा मांडला आणि आजही सगळे तोच पकडून चालतात. कास्टिंग, मिलिंग, प्रिंटिंग तिन्ही नीट केले तर १२० च्या आत येतात, त्यामुळे "आमचं १२० च्या आत आहे" ही काही फुशारकीची गोष्ट राहिली नाही. आणि कुणी आकडा सांगितला की विचारा, फट कुठून कुठपर्यंत मोजली. होम्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याच्या व्याख्या वेगवेगळ्या करून ठेवल्यात; सरळ उभी फट, आणि कड बाहेर लोंबत असेल किंवा आखूड असेल तर ती धरून होणारं तिरकं अंतर, हे दोन आकडे एकाच कोपिंगवर बरेच वेगळे येतात.

इम्प्लांटवरच्या फ्रेमला रेप्लिकाऐवजी एका स्क्रूची चाचणी करा. एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला बघायचं, उचललं गेलं की फ्रेम वाकडी. इथे फट भरून घ्यायला सिमेंट नसतं, दाताच्या मुळाभोवती असते तशी लवचीक गादीपण इम्प्लांटला नसते, त्यामुळे सूट जवळपास शून्य.

एक गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात: हीच मापं पोर्सिलेन भाजल्यानंतर पुन्हा घ्या. ऑक्सिडेशन आणि पहिल्या फायरिंगमध्येच मेटल हलतं. मेटल ट्रायलला मस्त बसलेला ब्रिज सेरॅमिक झाल्यावर डुगडुगतो तो काही जादूटोण्याने नाही.

ताकदीचे आकडे वाचताना

ब्रोशरमध्ये प्रिंटिंगचे आकडे कायम वरचढ दिसतात आणि ते खोटेही नसतात. कास्टिंगमध्ये धातू सावकाश गोठतो, कण मोठे होतात, फांद्या-फांद्यांची रचना तयार होते, फांद्यांच्या मधे कार्बाइड गोळा होतात आणि कुठे कुठे आक्रसण्याची भोकं राहतात. प्रिंटिंगमध्ये गोठणं इतकं झटपट की रचना अतिशय बारीक राहते, त्यामुळे यील्ड स्ट्रेंथ (किती ताणाला धातू कायमचा वाकतो तो आकडा) कास्टिंगपेक्षा चांगलीच वर जाते. पण नुसती ताकद बघून काय उपयोग, कामाला किती पाहिजे ते बघा.

आयएसओ २२६७४ या मानकात दंतधातूंचे ० ते ५ असे प्रकार केलेत. लांब ब्रिज, बार, इम्प्लांटवरची कामं यांना टाइप ४ लागतो, त्याला यील्ड निदान ३६० मेगापास्कल आणि ताणून तुटेपर्यंत निदान २ टक्के लांबी वाढली पाहिजे. पातळ पार्शल आणि क्लास्पना (दाताला पकडणाऱ्या आकड्यांना) टाइप ५: निदान ५०० मेगापास्कल, तेवढीच २ टक्के वाढ, आणि वर कडकपणाचा मॉड्युलस निदान १५० गिगापास्कल. एकट्या कॅपसाठी याच्या खालचे प्रकारही चालतात. म्हणजे एका कॅपसाठी ८०० मेगापास्कलवाला धातू आणला म्हणून पेशंटला काडीचा फरक पडत नाही. तिथे ताकदीच्या रकान्याला तुमच्या तक्त्यात जवळपास शून्य वजन द्या आणि पुढे चला.

क्लास्पचं मात्र उलट आहे. क्लास्प रोज वाकतो आणि परत येतो, वर्षानुवर्षं, शिवाय डॉक्टर पक्कड घेऊन तो थोडा आवळतोच. इथे लांबी वाढण्याची टक्केवारी आणि थकवा सहन करण्याची ताकद बघायची. कास्टिंगमधलं एक बारीक भोक क्लास्पच्या मुळाशी आलं की खेळ संपला. प्रिंटिंगमध्ये भोकं कमी, पण थर कुठल्या दिशेने रचलेत यावर ताकद बदलते, म्हणून पावडरवाल्याच्या कागदावर "उभा" आणि "आडवा" असे दोन आकडे आहेत का ते बघा. एकच आकडा असेल तर तो बहुधा चांगल्या दिशेचा असतो, एवढं गृहीत धरायला हरकत नाही.

आता तो साठलेला ताण. प्रिंट झालेला लांब ब्रिज प्लेटवरून तसाच कापला तर कापता कापताच टोकं वर उचलली जातात, कधी कधी तर डोळ्याला दिसेल इतकी. म्हणून प्लेटसकट, सपोर्टसकट (प्रिंट होताना तुकड्याला टेकू देणारे दांडे) आधी भट्टीत घालायचं आणि गार झाल्यावरच कापायचं. भट्टीचं तापमान पावडर बनवणाऱ्याने दिलेलं असतं तेच पाळा, कारण ७५०-८०० अंशाच्या आसपास ताण कमी होतो पण धातू अजून कडक होतो, आणि ११५० च्या आसपास नेलं तर रचनाच नव्याने होते, ताकद थोडी उतरते पण ताणलं जाण्याची क्षमता वाढते आणि दिशेदिशेतला फरकही कमी होतो. म्हणजे एकच पावडर, एकच मशीन, पण भट्टी वेगळी तर धातू वेगळा. दोन प्रिंटिंग सेंटरांची तुलना करताना मशीनचं नाव विचारण्यापेक्षा भट्टीचा प्रोग्रॅम विचारा, समोरचा किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

पोर्सिलेन, गंज आणि ॲलर्जी

पोर्सिलेन चिकटण्याच्या बाबतीत पद्धतींमध्ये फार मोठा फरक पडत नाही. आयएसओ ९६९३ ची किमान अट २५ मेगापास्कलची आहे आणि कास्ट, मिल, प्रिंट तिन्ही ती सहसा आरामात ओलांडतात. पोर्सिलेन उडतं त्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात: ऑक्साइडचा थर फार जाड झाला, सँडब्लास्टनंतर हात लावला, किंवा धातू आणि पोर्सिलेनचं प्रसरण जुळत नाही. कोबाल्ट-क्रोमचं प्रसरण साधारण १४ ते १४.५ च्या घरात असतं, एका केल्व्हिनमागे दहा लाखांत एवढा भाग, आणि पोर्सिलेनचं त्याहून किंचित कमी लागतं म्हणजे थंड होताना ते दाबाखाली राहतं. पद्धत बदलली म्हणून पोर्सिलेन बदलावं लागत नाही, पण मिश्रधातू बदलला तर आकडा परत जुळवून बघा.

गंजाची चाचणी साधी असते, लॅक्टिक ॲसिड आणि मिठाच्या द्रावणात ३७ अंशाला सात दिवस तुकडा ठेवायचा आणि किती आयन सुटले ते मोजायचं. मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला २०० मायक्रोग्रॅम. चांगल्या कोबाल्ट-क्रोमचे आकडे याच्या खूपच खाली असतात. कास्टिंगला तोटा एवढाच की घटक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, आणि त्यात जुने बटण (आधीच्या कास्टिंगमधून उरलेला धातूचा गोळा) पुन्हा पुन्हा वितळवून वापरले असतील तर आणखी बिघडतं. निम्मं तरी नवीन धातू घालतात का, हा प्रश्न लॅबला विचारायलाच हवा असा आहे, आणि फार थोडे विचारतात.

निकेल-क्रोम अजूनही भरपूर चालतो, कास्टिंगला सोपा आणि स्वस्त. पण निकेलची ॲलर्जी अगदी सर्रास आढळते, बायकांमध्ये जास्त, आणि जुन्या काही मिश्रधातूंत बेरिलियमही असायचं जे घासताना टेक्निशियनच्या फुफ्फुसात जातं. मानकात आता बेरिलियमची मर्यादा ०.०२ टक्के आहे. स्वस्त गोळ्या घेताना पाकिटावर "बेरिलियम फ्री" नसेल तर तिथेच तुलना थांबवा. आणि कोबाल्ट म्हणजे एकदम निर्धोक असंही नाही, युरोपात तो कॅन्सर होऊ शकणाऱ्या पदार्थांच्या १बी गटात टाकलाय, त्यामुळे तिथे वैद्यकीय साधनात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर तसं सांगावं लागतं. घट्ट मिश्रधातूतला कोबाल्ट आणि हवेत उडणारी कोबाल्टची धूळ यात अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून धोका मुख्यतः बनवणाऱ्याला. कास्टिंगवाल्याला इन्व्हेस्टमेंटमधली सिलिका, प्रिंटिंगवाल्याला बारीक पावडर, मिलिंगवाल्याला कूलंटचे तुषार. प्रत्येक पद्धतीचा स्वतःचा असा खोकला आहे. मास्क आणि धूळ ओढणारं सक्शन हे खर्चाच्या हिशोबात धरूनच तुलना करा.

टायटॅनियम असेल तर

इथे माझं मत स्पष्ट आहे, कास्टिंगच्या नादी लागू नका. टायटॅनियम १६६८ अंशाला वितळतो आणि तेवढ्या तापमानाला ऑक्सिजनपासून ते इन्व्हेस्टमेंटपर्यंत सगळ्याशी प्रतिक्रिया करतो, वर एक कडक ठिसूळ थर बसतो तो घासून काढावा लागतो, आणि घासला की फिटिंग गेलं. हलका असल्यामुळे साच्यातही नीट धावत नाही. स्वीडनमध्ये मॅट्स अँडरसन यांनी १९८० च्या दशकात टायटॅनियमची कोपिंग कास्ट न करता कोरून आणि ठिणगीने झिजवून बनवायची व्यवस्था उभी केली ती याच त्रासातून. आज मिलिंग हा सरळ मार्ग, कोबाल्ट-क्रोमपेक्षा मशीनला बराच सोसवतो. प्रिंटिंगही होतं, पण आरगॉनच लागतो, नायट्रोजन नाही, आणि टायटॅनियमची पावडर पेट घेऊ शकते, त्यावर पाणी किंवा साधा अग्निशामक चालत नाही, धातूच्या आगीसाठीचा वेगळा ठेवावा लागतो. पोर्सिलेनही कमी तापमानाचं, ८०० अंशाच्या खाली भाजणारं, कारण ८८२ अंशाला टायटॅनियमची आतली रचनाच बदलते. एक फायदा मात्र आहे, दातांच्या साध्या एक्स-रेवरही टायटॅनियमच्या आतली भोकं बऱ्यापैकी दिसतात, त्यामुळे तपासणी सोपी.

मग कुठल्या कामाला काय

सुट्या कॅप आणि तीन युनिटचे ब्रिज: तिन्ही चालतात, इथे वेळ आणि पैसा बघा. रोज भरपूर युनिट असतील तर प्रिंटिंग सेंटरला पाठवा, स्वतःचं मशीन घेण्याच्या भानगडीत पडू नका. आठवड्याला मोजकंच काम आणि हातात चांगला टेक्निशियन असेल तर कास्टिंगला काय झालंय. स्वतःकडे छोटं मिलिंग मशीन आधीच असेल तर सॉफ्ट मिलिंगची फक्त भट्टी वाढते, तो मधला रस्ता बरा आहे.

लांब ब्रिजला मी कडक मिलिंग पहिलं ठेवीन, प्रिंटिंग दुसरं आणि तेही भट्टीचा कागद बघून. कास्ट करायचंच असेल तर तुकडे करून जोडायची तयारी ठेवा, आणि जोड म्हणजे नवीन कमकुवत जागा हे गृहीत धरा.

पार्शलची फ्रेम: मिलिंग जवळपास बाद. फ्रेम पातळ, पसरट, वळणावळणाची, सगळी डिस्क भुगा करून हातात मूठभर जाळी उरते. खरी लढत कास्टिंग आणि प्रिंटिंगची, आणि इथे प्रिंटिंगचा खरा फायदा फिटिंगपेक्षा भोकं नसण्यात आहे. तोटा म्हणजे सपोर्टचे ठसे. ते टाळूला टेकणाऱ्या बाजूला येणार की जिभेच्या बाजूला, हे आधी विचारून घ्या, कारण जिथे येतील तिथे घासाघाशी होणार. क्लास्प कोबाल्ट-क्रोमचा असेल तर पाव मिलिमीटर अंडरकट (दाताच्या फुगवट्याखालची खोली, जिथे क्लास्प अडकतो), टायटॅनियमचा असेल तर त्याच्या दुप्पटही चालतो कारण तो जवळपास दुप्पट लवचीक. हे डिझाइनमध्येच ठरतं, नंतर पकडीने नाही.

इम्प्लांटवरचा बार किंवा पूर्ण जबड्याची फ्रेम: मिलिंग. किंवा मग जोडपद्धत, आधी प्रिंट करून घ्यायचं आणि इम्प्लांटला टेकणाऱ्या जागा तेवढ्या नंतर मिल करायच्या. प्रिंट झालेला खरबरीत पृष्ठभाग थेट इम्प्लांटवर बसवणं मला तरी पटत नाही, कुणी कितीही पॉलिश करून दाखवलं तरी.

खर्च काढताना युनिटचा दर विचारून थांबू नका. परत आलेली, पुन्हा करावी लागलेली कामं धरून दर काढा. फिनिशिंगचा वेळ धरा: कास्टिंगला स्प्रू कापणं आणि ऑक्साइड काढणं, प्रिंटिंगला सपोर्ट तोडणं, आणि कोबाल्ट-क्रोमचा सपोर्ट तोडून गुळगुळीत करायला लागणारा वेळ सेंटरवाले सांगताना नेहमी कमी सांगतात. मिलिंगला झिजलेली टूलं धरा.

आणि काम पाठवताना स्लिपवर एवढं लिहाच: मिश्रधातूचं नाव आणि बॅच नंबर परत कळवा, स्पेसर किती मायक्रॉन आणि मार्जिनपासून किती सोडून, मार्जिनची कड किती जाड, सपोर्ट किंवा स्प्रू कुठल्या बाजूला नको, भट्टीचा प्रोग्रॅम कुठला, आतून सँडब्लास्ट कुठल्या कणाने आणि किती दाबाने. यातल्या ज्या ओळीला उत्तर येणार नाही ती ओळ तक्त्यात रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका.